नदीबंदरात युद्धनौका: स्वतःच्या इंजिनावर की टगबोटीने?

छोट्या युद्धनौकेला बहुधा दोन प्रोपेलर असतात. एक पुढे रेटणारा, एक मागे ओढणारा असे फिरवून ती जवळपास जागच्या जागी वळते. मग टगबोट, म्हणजे जहाजं ओढणारी-रेटणारी छोटी दमदार बोट, कशाला? कारण नदीचा प्रवाह थांबत नाही. धक्क्याजवळ वेग उतरला की सुकाणूची पकड जाते, वारा नौकेला ढकलतो. नाकाखाली सोनारचा (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रणेचा) घुमट असेल तर तळ घासणं परवडतच नाही. टगबोट नौकेला आडवं रेटते, इंजिन दगा देतं तेव्हाही धरून ठेवते. अर्थात युद्धनौकेचा पत्रा पातळ. चुकीच्या जागी रेटलं तर पोचा ठरलेला. शिवाय भाडं. बो थ्रस्टर (नाक आडवं ढकलणारा छोटा प्रोपेलर) असेल आणि पाणी संथ, तर टगबोट नुसती जवळ असली तरी पुरे. पण अरुंद पात्रात, ओहोटीच्या जोरात वळायचं, तर मी टगबोटच घेईन. कप्तानाचा दिमाख बाजूला राहू दे.