हेडफोनची गादी आणि तानपुऱ्याचा खर्ज

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळच्या गाण्याच्या शिकवण्या आटोपल्या की मी रोज दोन-तीन तास हेडफोन लावून बसते, कधी विद्यार्थ्यांच्या रियाजाची ध्वनिमुद्रणे तपासायला, कधी कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेतलेल्या जुन्या मैफली ऐकायला. हेडफोन बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ७७० प्रो आहे, ८० ओहमचा. १९८५ पासून वापरात असलेल्या या बंद कपाच्या हेडफोनविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे; मला लिहायचे आहे ते त्याच्या इअरपॅडविषयी, म्हणजे कानाभोवती टेकणाऱ्या करड्या मखमली गाद्यांविषयी. गेल्या वर्षभरात याच एका हेडफोनवर मी सात वर्षे वापरलेल्या गाद्या, त्याच गाद्या धुतल्यानंतर, मग बाजारातल्या रेक्झिनच्या गाद्या आणि शेवटी कंपनीच्या नव्या गाद्या असे चार प्रकार ऐकले, आणि गादी केवळ कानाच्या आरामासाठी असते हा माझा समज पुरता मोडला.

सुरुवात एका विद्यार्थ्याच्या शंकेने झाली. स्वतःच्या रियाजाचे मुद्रण माझ्या हेडफोनवर ऐकून तो म्हणाला, "ताई, यात तानपुऱ्याचा खर्ज ऐकूच येत नाहीये. माझ्या मोबाइलच्या इअरफोनवर तर चांगला येतो." मी दोन्हींवर तेच मुद्रण ऐकले आणि मला त्याचे म्हणणे मान्य करावे लागले. सात वर्षांत हा बदल इतका सावकाश झाला होता की माझ्या कानांनी तो मुकाट्याने स्वीकारला होता आणि जुन्या मुद्रणांत खालचा भाग कमीच असायचा, अशी मी स्वतःची समजूतही घालून घेतली होती.

काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात लावलेल्या मर्दानी तानपुऱ्यात जोडीच्या तारांचा षड्ज, म्हणजे 'सा', सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर. बंद हेडफोनमध्ये इतका खालचा स्वर कानापर्यंत येतो, तो ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा पडदा, गादी आणि आपले डोके यांच्यामध्ये कोंडलेल्या थोड्याशा हवेवर दाब पडतो म्हणून. ही हवा कुठल्याही फटीतून निसटू लागली की खालच्या स्वरांचा दाब सर्वांत आधी विरून जातो, वरचे स्वर मात्र फारसे हलत नाहीत. त्यामुळे ऐकणाऱ्याला आवाज कमी झाल्यासारखा वाटत नाही, तो नुसता पातळ झाल्यासारखा वाटतो. कानाच्या नळीत घट्ट बसणाऱ्या स्वस्त इअरफोनला अशी फट पडत नाही, म्हणून विद्यार्थ्याला ऐकू येत होते ते मला ऐकू येत नव्हते.

माझ्या बाबतीत फट चष्म्याच्या काडीची होती. गादीतला फोम ताजा असतो तेव्हा तो काडीभोवती दबतो आणि आजूबाजूची जागा भरून काढतो. बसलेला, कडक झालेला फोम काडीच्या वर आणि खाली पोकळी सोडतो. याची खात्री करण्याची रीत अगदी सोपी आहे. मी मोबाइलवर ६० हर्ट्झचा एकसारखा स्वर लावला आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच डोक्याकडे दाबले, तेव्हा स्वर एकदम भरला. हात काढले की तो विरला, चष्मा उतरवला की पुन्हा थोडा वाढला. कप दाबल्यावर असा फरक पडत असेल तर दोष गादीच्या बसण्यात आहे असे समजावे आणि हेडफोन किंवा अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. माझ्या दोन गाद्याही सारख्या राहिल्या नव्हत्या: शिकवताना डावा कप मागे सारून उजव्या कानानेच ऐकण्याच्या सवयीमुळे उजवी गादी अधिक चपटी झाली होती आणि गायकाचा आवाज मधोमध न राहता किंचित एका अंगाला सरकला होता.

नव्या गाद्यांवर खर्च करण्याआधी जुन्या धुऊन पाहाव्यात असे ठरवले. आपल्याकडे केसांना तेल लावायची पद्धत आहे आणि ते तेल, घाम व धूळ यांचा मिळून मखमलीवर असा काही थर बसतो की तिची लव चिकटून गुळगुळीत होते. गादीच्या मागे कापडाची ताणली जाणारी झालर असते आणि ती कपाच्या कडेच्या खाचेत बसवलेली असते, त्यामुळे एका बाजूने बोट घालून ओढले की गादी सहज निघते. ती पूर्ण काढल्याशिवाय तिला पाणी लावू नये. कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब टाकून मी गाद्या दहा मिनिटे बुडवल्या, मग तळहातांत धरून हलके दाबत राहिले. पहिले पाणी चहासारखे झाले. तिसऱ्या पाण्याला फेस गेला. गादी कपड्यासारखी पिळली तर आतला फोम फाटतो किंवा वेडावाकडा होतो, म्हणून कोरड्या पंच्यात दाबून पाणी टिपले आणि गाद्या सावलीत, पंख्याखाली पूर्ण दोन दिवस ठेवल्या. वरून कोरडी वाटणारी गादी आत ओली असू शकते, आणि ओली गादी हेडफोनवर चढवली तर तो दमटपणा थेट ड्रायव्हरशेजारी जाऊन बसतो. हे काम उन्हाळ्यात करावे, पावसाळ्यात टाळावे. रेक्झिनच्या गाद्यांना हा उपाय चालत नाही. त्या ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्या कराव्यात आणि त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावण्याचा मोह आवरावा, कारण त्याने वरचा थर कोरडा पडून भेगाळतो. घाम आणि दमटपणा यांनी पॉलियुरेथेनचा तो थर एरवीही कालांतराने सुटतोच आणि त्याचे काळे पापुद्रे गालावर, कानांवर चिकटू लागतात.

धुण्याने कान सुखावले, वास गेला, लव पुन्हा उभी राहिली. आवाजात मात्र मला नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही, आणि ६० हर्ट्झच्या परीक्षेत जुनाच निकाल आला. मळ धुऊन निघतो, बसलेला फोम वर येत नाही.

मग जेल रोडवरच्या एका दुकानातून या हेडफोनला बसतील अशा म्हणून सांगितलेल्या रेक्झिनच्या गाद्या २८० रुपयांना आणल्या. त्या दिसायला नीटस होत्या, परंतु डावीची झालर आखूड असल्याने ती खाचेच्या खालच्या भागातून निसटत होती. परिणामी उजव्या कानात खर्ज घुमू लागला आणि डाव्या कानात तो नावालाच उरला. तानपुरा जणू खोलीच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला होता. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने झालर खाचेत ढकलत, गादी थोडी थोडी फिरवत अर्ध्या तासाने ती बसवली, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झाल्या. खालचा आवाज परत आला हे खरे, पण तो गरजेपेक्षा जास्त आला. मखमलीतून थोडी हवा आरपार जाते आणि तिची लव वरचे स्वर काही प्रमाणात शोषून घेते. रेक्झिन हवा अडवते आणि आतल्या भिंतीवरून आवाज परतवते. त्यामुळे डग्ग्याची घुमक पसरून गायकाच्या आवाजाच्या मधल्या भागावर आली आणि त्याच वेळी 'स' व 'श' ही व्यंजने टोचू लागली. आतले भोक मूळ गादीपेक्षा लहान असल्याने कानाची पाळी दबत असे, आणि इंदूरच्या मे महिन्यात तर त्या गाद्या अर्धा तासही कानांवर ठेवणे अशक्य झाले. ज्यांना गाण्यात दणका हवा असतो त्यांना हा आवाज आवडेलही. शिकवण्यासाठी ऐकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेरीस कंपनीच्याच मखमली गाद्या मागवल्या. त्यांचे नाव ईडीटी ७७० व्ही असे आहे आणि मागवताना ही अक्षरे तपासून घ्यावीत, कारण दिसायला सारख्या गाद्या वेगवेगळ्या हेडफोनसाठी असतात. किंमत रेक्झिनच्या जोडीच्या जवळपास दसपट पडली आणि ती देताना मी बराच विचार केला. जुन्या व नव्या गाद्या शेजारी ठेवून पट्टीने मोजल्या तेव्हा जुन्या सहा-सात मिलिमीटरने बसलेल्या आढळल्या. हे अंतर ऐकायला किरकोळ वाटते, पण ड्रायव्हर कानाच्या तितका जवळ आला की कपातल्या हवेचे आकारमान आणि वरच्या स्वरांचे पाळीवरून होणारे परावर्तन, दोन्ही बदलते. माझ्या जुन्या जोडीत तारसप्तकाला जी धार आली होती तिचे कारण मला या पट्टीवर दिसले.

ज्या रात्री त्या चढवल्या, त्या रात्री मी उस्ताद अमीर खाँ यांचा दरबारी राग ऐकला. इंदूर घराण्याचा पाया घालणाऱ्या या गायकाचा (१९१२–१९७४) विलंबित झूमरा तालातला ख्याल मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात जितका वेळ रेंगाळतो तितका फार थोड्या गायकांचा रेंगाळतो, आणि म्हणून गाद्या पारखायला माझ्या दृष्टीने याहून योग्य आवाज नाही. काळी एकच्या हिशेबाने मंद्रातला कोमल धैवत ११० हर्ट्झच्या आसपास पडतो. बसलेल्या गादीवर त्या धैवताचे आंदोलन, म्हणजे सावकाश हेलकावणे, मला केवळ वरच्या छटांवरून ओळखावे लागत होते, रेक्झिनवर ते घुमकेत बुडत होते. नव्या गादीवर स्वराचे वजन, त्याचे खाली झुकणे आणि पुन्हा वर येऊन स्थिरावणे हे सगळे अलगद वेगळे ऐकू आले, त्यामागे तानपुरा अखंड आणि मधोमध. सात वर्षे मी हेच मुद्रण विद्यार्थ्यांना ऐकवत आले आहे, आणि त्यांतल्या शेवटच्या काही वर्षांत त्यांना किती कमी ऐकवले याची त्या रात्री मला खंत वाटली.

या गाद्यांविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिले दोन आठवडे फोम ताठ असल्याने पकड घट्ट वाटते. तो नरम होईपर्यंत आवाजही किंचित बदलत राहतो, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या ऐकण्यावरून मत बनवू नये. दुसरी गोष्ट केसांची. मखमल केस आणि तंतू धरून ठेवते. जुन्या गाद्या धुतल्यानंतर मी ड्रायव्हरवरची फोमची पातळ चकती परत लावायला विसरले होते, तेव्हा एक बारीक केस आत शिरला आणि खालच्या प्रत्येक स्वराबरोबर डाव्या कपात कुरकुर ऐकू येऊ लागली. ड्रायव्हर बिघडला असे समजून मी घाबरले होते. उजेडात धरून मऊ चिमट्याने तो केस उचलला आणि कुरकुर थांबली. इथे फुंकर किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण पडदा अतिशय पातळ असतो आणि तेवढ्या दाबानेही त्याला सुरकुती पडू शकते.

आता पावसाळा सोडून गाद्या दोन महिन्यांतून एकदा धुते, महिन्यातून एकदा ६० हर्ट्झचा स्वर लावून पाहते, चष्म्याची काडी पातळ धातूची करून घेतली आहे आणि केसांना तेल रात्री हेडफोन उतरवल्यावरच लावते.