शाळेचा लॅपटॉप, खोटा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ आणि माझे भिशीचे पैसे

मी सांगलीत गावभागात राहते. घरीच शिलाईचं काम करते, ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत जरा जास्त. आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. धाकटा नववीत आहे. त्याच्या शाळेनं यंदा नववीच्या मुलांना अभ्यासासाठी लॅपटॉप दिले. दोन वर्षं वापरायचे आणि दहावीची परीक्षा झाली की परत करायचे. त्या लॅपटॉपच्या नावावर आमच्या घरातले ६०,३४९ रुपये गेले. कसे गेले ते सगळं लिहिते, कारण वर्गातल्या आणखी काही पालकांनी त्याच माणसाला पैसे भरलेत आणि त्यातले बरेचजण अजून घरातही बोललेले नाहीत.

लॅपटॉप देताना शाळेनं आमच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं होतं. चोरी झाली, पडला, पाणी गेलं तर भरपाई पालकांनी द्यायची. किंमत लिहिली होती ३२,००० रुपये. सही करताना माझा हात जड झाला होता. २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं, शिलाई मशीन आणि मुलांची पुस्तकं सगळी गेली होती. तेव्हापासून घरात किमती वस्तू आली की ती कुठं ठेवायची याचीच काळजी आधी वाटते. लॅपटॉप रोज रात्री माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा, असं मी पोराला बजावलं होतं.

वाटपानंतर आठवड्याभरात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. वर शाळेचं बोधचिन्ह, खाली ‘विद्यार्थी लॅपटॉप प्रोटेक्शन प्लॅन’. पाणी, पडझड, चोरी सगळं कव्हर, दोन वर्षांसाठी फक्त १,८५० रुपये, मुदत शनिवारपर्यंत. खाली एक क्यूआर कोड आणि फोन नंबर. मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी आपल्यासारखं मराठी बोलत होता. मला ‘ताई’ म्हणाला, पोराचं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक त्यानंच सांगितला. मग म्हणाला, ‘ताई, लॅपटॉप पालथा करा आणि स्टिकरवर बघा, सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मी सांगतो.’ त्यानं सांगितले, मी बोट ठेवून वाचले, चारही जुळले. तिथंच माझी खात्री पटली. शाळेचा माणूस असल्याशिवाय हा नंबर कुणाला ठाऊक असणार?

तो नंबर त्याला कुठून मिळाला हे नंतर कळलं. वाटपाच्या दिवशी एका पालकानं कौतुकानं फोटो काढून ग्रुपवर टाकले होते. त्यातल्या एका फोटोत टेबलावरची सहीची यादी दिसत होती. मुलाचं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, सिरियल नंबर, पालकाचा मोबाइल, सगळं एका ओळीत. मोठा करून बघितला तर अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. आणि आमच्या ग्रुपची लिंक कुणीही पुढं पाठवावी, कुणीही आत यावं, अशी मोकळी होती. दोनशेच्या वर नंबर होते त्यात. वर्गात मुलं पासष्ट.

पैसे भरताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती सोडून दिली. कोड स्कॅन केल्यावर शाळेचं नाव आलं नाही, कुठल्या कंपनीचंही नाही. एका माणसाचं नाव आलं. मला वाटलं, शाळेच्या क्लार्कचं असेल. १,८५० भरले, पाच मिनिटांत एक रंगीत कार्ड आलं, त्यावर प्लॅन क्रमांक आणि ‘क्लेमसाठी संपर्क’ म्हणून तोच फोन नंबर. मी ते जपून ठेवलं. यांनाही दाखवलं. हे म्हणाले, बरं केलंस.

दोन आठवड्यांनी एका मंगळवारी पोरगं शाळेतून आलं ते रडवेलं तोंड करून. दप्तरात पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं. लॅपटॉपची पिशवी खालून ओली. ‘आई, चालूच हुईना गं.’ मी आधी एक पाठीत घातली त्याच्या, आणि मग दोघंही गप्प बसलो. हे घरी यायच्या आत निस्तरायचं, शाळेला कळायच्या आत निस्तरायचं, एवढंच डोक्यात होतं. वर्गशिक्षिकेला एक फोन करायचं सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ३२,००० चा आकडा डोळ्यांसमोरून हलेना. रात्रभर लॅपटॉप पंख्याखाली ठेवला. सकाळी हे कामावर आणि पोरगं शाळेत गेल्यावर मी त्या कार्डावरच्या नंबरला फोन लावला.

तोच माणूस, तोच आवाज. ‘काळजी करू नका ताई, यासाठीच प्लॅन आहे.’ आधी विचारलं, घरात दुसरा लॅपटॉप, कॉम्प्युटर आहे का. थोरलीनं कॉलेजसाठी जाऊबाईंच्या घरून आणलेला जुना आहे म्हटल्यावर म्हणाला, नको, तुमच्या मोबाइलवरच करू. त्यानं एक ॲप उतरवायला लावलं. ‘क्लेमची तपासणी आमचा इंजिनिअर याच्यातून करतो.’ ॲपनं एक लांब नंबर दाखवला, तो मी वाचून सांगितला. परवानगी मागितली, मी ‘हो’ दाबलं. त्या क्षणापासून माझा फोन त्याला त्याच्या समोर दिसत होता, हे मला आता समजतंय. रिझर्व्ह बँकेनं अशा स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपबद्दल २०१९ सालीच बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नसतं, ऑफिसात लोक रोज वापरतात म्हणे. फोनवरच्या अनोळखी माणसाला तो नंबर वाचून दाखवणं म्हणजे घराची किल्ली त्याच्या हातात देणं.

मग एक लिंक. ‘क्लेम नोंदणी फी १० रुपये.’ त्यात बँकेच्या कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. दहाच रुपये आहेत म्हणून मी ती सगळी माहिती भरली. तो म्हणाला, ‘आता ताई, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर पालथा ठेवा, हात लावू नका, व्हेरिफिकेशन चालू आहे. तोवर लॅपटॉप आणा आणि मागचा पूर्ण नंबर हळूहळू वाचा.’ मी फोन शिलाई मशीनच्या फळीवर पालथा ठेवला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक अक्षर वाचायला लागले. फोन थरथरला. मी थांबले, तर तो म्हणाला, ‘आमचेच मेसेज आहेत, वाचत राहा.’ परत थरथरला. परत. फळीवर ठेवलेली रिळं त्या थरथरण्यानं हलत होती, ते मला अजून दिसतं. तीन वेळा ओटीपी आले, तिन्ही त्यानं त्याच्या बाजूनं वाचले. मी फोन उचलला असता तर पहिल्याच मेसेजमध्ये १९,९९९ चा आकडा लिहिलेला होता.

१९,९९९, मग २०,०००, मग १८,५००. माझ्या खात्यावर भिशीचे पैसे होते. बारा बायकांची भिशी, माझा नंबर त्याच महिन्यात लागला होता. थोरलीच्या फीसाठी ठेवले होते ते.

फोन कट झाला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मेसेज वाचले आणि हातपाय गार पडले. आणि इथं मी दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. मी गप्प बसले. त्याच नंबरला वीस वेळा फोन लावत बसले, कुणाला सांगितलं नाही. दोन वाजता भाचा कपडे न्यायला आला, माझं तोंड बघून त्यानं विचारलं, तेव्हा बोलले. त्यानं आधी फोनमधून ते ॲप काढलं, आणि उभ्या उभ्या १९३० ला फोन लावला. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. कुठल्या खात्यातून, किती वाजता, किती रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, एवढं विचारतात. ते सगळं बँकेच्या मेसेजमध्येच असतं, म्हणून घाबरून मेसेज पुसू नका. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेलेत ती बँक रक्कम रोखून धरू शकते, पण पैसे तिथं असतील तोवरच. चोरटे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पैसे फिरवत नेतात. माझे शेवटचे १८,५०० तेवढे एका खात्यात अडकलेले सापडले आणि थांबवले गेले. बाकीचे त्या पावणेतीन तासांत निघून गेले होते.

मग बँकेत. कार्ड बंद केलं, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. बँकेतल्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम समजावला. माझा दोष नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. पण माहिती आपण आपल्या हातानं दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर पुढं जे जाईल ते बँकेचं. म्हणजे एकेक मिनिटाला किंमत होती. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही भाच्यानं तक्रार भरली आणि दुसऱ्या दिवशी सायबर पोलीस ठाण्यात जबाब दिला.

शाळेत गेले ते तिसऱ्या दिवशी, यांना बरोबर घेऊन. मुख्याध्यापिका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी पाणी दिलं. कॉम्प्युटरच्या सरांनी लॅपटॉप अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवला. कीबोर्ड बदलावा लागला. खर्च आला ३,२०० रुपये, तोही शाळेनं दोन हप्त्यांत द्यायला सांगितला. तीन हजार दोनशे. हे खुर्चीत बसून नुसते त्या कागदाकडं बघत राहिले.

सरांनी त्या दिवशी जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लॅपटॉप शाळेच्या मालकीचा आहे, त्यामुळं त्याचा विमा किंवा प्लॅन पालकानं परस्पर घ्यायचाच नसतो. साधी वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, पाणी आणि पडझड त्यात येत नाही. त्यासाठीचं संरक्षण कंपनी वेगळं देते, ते त्या लॅपटॉपच्या सिरियल नंबरला जोडलेलं असतं आणि कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकून तपासता येतं. खरा विमा असेल तर पॉलिसीवर विमा कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. माझ्या रंगीत कार्डावर यातलं काहीच नव्हतं. आणि पाणी गेलं तर लगेच बंद करायचा, चार्जर काढायचा, उघडून तंबूसारखा पालथा ठेवायचा, चालू होतोय का ते बघत बसायचं नाही. आम्ही त्या रात्री चार वेळा बटण दाबून बघितलं होतं.

आणखी एक. नंतर कळलं की त्याच माणसानं दुसऱ्या एका घरी मुलालाच शाळेच्या लॅपटॉपवर ते ॲप टाकायला लावलं होतं. ते ॲप त्यात उतरलंच नाही. शाळेनं लॅपटॉपला लॉक केलंय, सरांच्या पासवर्डशिवाय त्यात नवीन काही उतरतच नाही. आम्ही पालक त्याच लॉकबद्दल कुरकुरत होतो. मुलांना गेम टाकता येत नाहीत म्हणून बाजारात पाचशे रुपयांत लॉक काढून देतात, तसं एकदोघांनी करूनही आणलं होतं. कृपा करून असं करू नका. त्या लॅपटॉपात तुमच्या एकट्याच्या पोराचा अभ्यास नसतो, शाळेचं खातं असतं, वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं, फोटो असतात. त्या घराचे पैसे त्या लॉकमुळं वाचले.

ग्रुप आता बंद करून नवीन केलाय, लिंक कुणाला देत नाहीत. यादीचा फोटो ज्यांनी टाकला त्या ताईंना मी काही बोलले नाही, त्यांचेही १,८५० गेलेत. थोरलीची फी माझ्या नणंदेनं भरली, ते मी फेडतेय.

परवा दुपारी परत एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे अडकलेले १८,५०० सोडवायचे आहेत, २,००० रुपये प्रोसेसिंग फी लागेल.’ मला तक्रारीचा क्रमांक सांगितला नाही, पण रक्कम बरोबर सांगितली. पोरगं समोर अभ्यासाला बसलं होतं. मी फोन त्याच्याकडं दिला, त्यानं नंबर वहीत लिहून घेतला आणि कट केला. संध्याकाळी हे वही घेऊनच पोलीस ठाण्यात गेले.