एसआरएची खोली: घर मोफत, महिन्याचं बिल मात्र चालू

मुंबईत झोपडीच्या बदल्यात पक्कं घर देणारी झोपडपट्टी पुनर्वसन योजना, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली 'एसआरए', १९९५ पासून चालू आहे. खोली आधी २२५ चौरस फुटांची मिळायची, नंतर २६९ आणि आता ३००. सार्वजनिक संडासाची पहाटेची रांग सुटते आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. एवढ्यासाठी तरी ही योजना घेण्यासारखी आहे. पण बिल्डरच्या योजनेला संमतीची सही देण्याआधी बरंच तपासावं लागतं.

सगळं अडतं ते परिशिष्ट दोनपाशी, म्हणजे पात्र-अपात्रतेच्या यादीपाशी. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर घर मोफत. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख रुपये भरून. जुन्या मतदार यादीचा उतारा, त्या काळचं लाइट बिल, फोटोपास (झोपडीधारकाला सरकारकडून मिळालेलं ओळखपत्र) आणि आजही तिथेच राहत असल्याचा पुरावा, हे सगळं एका माळेत बसलं पाहिजे. बरेच लोक अपात्र ठरतात ते पुरावा नाही म्हणून नव्हे, तर तो जुळत नाही म्हणून. मतदार यादीत आडनाव वेगळं, बिल जुन्या मालकाच्या नावाचं, झोपडी साध्या स्टॅम्पपेपरवर घेतलेली. हे सर्व्हेच्या आधी दुरुस्त करा. अपात्र शेरा आला तर मुदतीत लेखी अपील करा. वस्तीच्या कमिटीवाल्यांच्या 'बघू' वर बसू नका.

माळ्यावर राहणाऱ्याला काहीच मिळत नाही. एका झोपडीला एकच घर, मग वर भावाचा संसार असो की भाडेकरूचा. झोपडी पाडली की सर्वांत गरीब कुटुंब रस्त्यावर येतं, आणि योजनेतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

इमारत होईपर्यंत बिल्डरने भाडं द्यायचं असतं. त्याचा पैसा बाजारात विकायला बांधलेल्या वेगळ्या इमारतीतून येतो. ती विकली गेली नाही की पहिलं बंद होतं ते भाडं. म्हणून दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा झालंय का आणि पुढच्या वर्षाचे चेक दिलेत का, हे घर रिकामं करण्याआधी पाहा. करारात दरवर्षीची वाढ आकड्यात लिहून घ्या.

खोली सोडतीत लागते, मजला निवडता येत नाही. त्यामुळे नकाशा आधीच बघायला हवा. गोवंडीच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारतींत मधलं अंतर जेमतेम ३ मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते, कपडे वाळत नाहीत. तिथल्या क्षयरोगाचा संबंध या कोंदटपणाशी असल्याचं २०१८ च्या अभ्यासात पुढे आलं. संमती ५१ टक्क्यांची लागते; दोन इमारतींमधलं अंतर विचारायची वेळ तीच. एकदा पाया घातला की उशीर झालेला असतो.

आणि मेंटेनन्स. देखभालीसाठी बिल्डरने प्रत्येक घरामागे निधी भरायचा असतो आणि त्याच्या व्याजातून खर्च चालवायचा असतो; आधीच्या नियमात हा निधी ४०,००० रुपयांचा होता. त्यावर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला २,८००, म्हणजे घरटी महिन्याला सव्वादोनशे-अडीचशेच्या आसपास. यात लिफ्टची देखभाल, पंपाचं बिल, जिन्याची लाइट, टाकीची साफसफाई, सफाई कामगाराचा पगार असं सगळं भागत नाही. उरलेले पैसे खिशातून जातात. चार-पाच घरांनी थकवलं की लिफ्ट बंद, मग आठव्या मजल्यावरच्या म्हातारीने खाली यायचं कसं? ताबा मिळाल्यावर पहिल्याच सभेत तीन गोष्टी लेखी मागा: हा निधी सोसायटीच्या नावावर कधी वर्ग होणार, लिफ्ट आणि पंपाच्या वॉरंटीचे कागद, आणि अग्निशमनाच्या पाइपची चाचणी झाल्याचा दाखला. बिल्डर साइटवर आहे तोवरच हे हातात पडतं.