कर्क्युमिनच्या कॅप्सूल आठ महिने घेतल्या, कोलायटिसवाल्यांसाठी सविस्तर लिहितेय

आधीच सांगते, गुडघेदुखीसाठी किंवा इम्युनिटीसाठी या हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेत असाल तर त्यातलं मला काही कळत नाही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. त्याआधी वर्षभर "आव पडलीय" म्हणून मेट्रोनिडाझोलचे कोर्सवर कोर्स झाले, ताक-भात खाऊन खाऊन वजन नऊ किलोनं उतरलं आणि शेवटी मिरजेला कोलोनोस्कोपी केली तेव्हा नाव कळलं. मी शाळेत शिकवते. फळ्यावर गणित अर्धं टाकून पळावं लागणं काय असतं ते हा आजार असणाऱ्यालाच माहीत, बाकीच्यांना सांगून पटत नाही.

आणि राहते सांगलीत. इथं मार्केट यार्डाच्या रस्त्यानं गेलं तरी सौद्याच्या दिवसांत कपड्यांना हळदीचा वास लागतो, वडील लहानपणी हरिपूरची पेवं दाखवायला न्यायचे, जमिनीखाली हळद साठवायची ती, २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी गेली. त्यामुळं घरात पहिला सल्ला काय आला असेल ते सांगायलाच नको. सासूबाई रोज रात्री हळदीचं दूध द्यायच्या, मायेनं द्यायच्या, मी प्यायचे. पण हिशेब बघा, साध्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. एक चमचाभर म्हणजे तीन ग्रॅम हळद धरली तर ९० मिलिग्रॅम. जपानमध्ये ज्या अभ्यासात फायदा दिसला त्यात रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं, तेवढं हळदीतून घ्यायचं तर रोज ६५ ग्रॅमच्या वर हळद खायला लागेल. कोण खाणार? म्हणून अर्काच्या कॅप्सूल.

तो जपानचा अभ्यास २००६ चा. आजार शांत असलेले ८९ पेशंट, सगळ्यांचं नेहमीचं औषध चालू, त्यातल्या काहींना सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एक-एक ग्रॅम कर्क्युमिन आणि बाकीच्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. सहा महिन्यांत, शेवटी हिशेबात धरलेल्यांपैकी, कर्क्युमिनवाल्या ४३ पैकी २ जणांचा आजार परत उफाळला, दुसऱ्या बाजूच्या ३९ पैकी ८ जणांचा. मग २०१५ ला आजार चालू असलेल्या ५० जणांवर झाला, मेसालामाइन, म्हणजे कोलायटिसची सूज उतरवायचं नेहमीचं औषध, पुरेसं घेऊनही बरं नव्हतं अशांवर, रोज ३ ग्रॅम, एक महिना. २६ पैकी १४ जण शांत झाले आणि नुसत्या गोळ्यावाल्या २४ पैकी एकही नाही. हे माझ्या डॉक्टरांनीच कागदावर लिहून समजावलं, तो कागद अजून फाईलमध्ये आहे.

पण आता खरं महत्त्वाचं. दिल्लीच्या एम्सनं २०१७ मध्ये दिवसाला ४५० मिलिग्रॅम देऊन बघितलं, तर काहीच फरक नाही, नुसत्या गोळीइतकंच. आणि मी घेतलेल्या बाटलीवर काय लिहिलंय? "रोज एक कॅप्सूल." एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिन, म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. म्हणजे लेबलप्रमाणं घेतलं तर जो डोस कोलायटिसला चालला नाही साधारण तेवढाच आपण पैसे मोजून घेतो आणि मग म्हणतो हर्बलनं काही होत नाही. मी पहिले दोन महिने हेच केलं. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांना विचारून, लिव्हरची टेस्ट करून, दोन सकाळी दोन रात्री अशा चार सुरू केल्या. स्वतःच्या मनानं चार करू नका हो, पुढं लिहितेय का ते.

अनुभव सांगते. पहिले आठ-दहा दिवस पोट जड, ढेकर, शौचाचा रंग पिवळा. रिकाम्या पोटी एकदा घेतली तर जळजळ झाली, त्यानंतर कायम जेवणावरच. चार सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी सकाळचं पाच-सहा वेळा जाणं होतं ते दोनवर आलं. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन तपासतात, आतड्याला सूज किती आहे ते कळतं, माझं ४८० होतं ते चार महिन्यांनी ११०. मात्र मेसालामाइन एक दिवसही चुकवलेलं नाही आणि त्याच सुमारास शाळेला उन्हाळी सुट्टी लागली, झोप नीट व्हायला लागली, त्यामुळं सगळं श्रेय या बाटलीला देणं मला बरोबर वाटत नाही. पण घेऊन मला बरं वाटलं, बंद करावंसं वाटत नाही.

मेसालामाइन चुकवलं नाही हे मुद्दाम लिहिलं, कारण त्याआधी मी एकदा फार मोठी चूक केली होती. फोनवर एक जण चूर्ण विकायचा, नाव लिहीत नाही, "ॲलोपॅथीच्या गोळ्या आजपासून बंद, सहा महिन्यांत मुळासकट जाईल". पाकिटावर घटक नाहीत, बॅच नंबर नाही, नुसतं "आयुर्वेदिक चूर्ण". मी खरंच गोळ्या थांबवल्या. पाचव्या आठवड्यात पहाटे उठले तर सगळं रक्तच, हिमोग्लोबिन आठवर आलेलं, नवऱ्यानं उचलून रिक्षात बसवलं. मग प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, ४० मिलिग्रॅम, तोंड सुजलं, झोप उडाली, ते दर आठवड्याला ५ नं कमी करत करत दोन महिने गेले. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "ताई, विष बाहेर पडतंय, घाबरू नका." हे आठवलं की अजून हात थरथरतात. कुणीही वनस्पतीचं औषध देताना चालू गोळ्या बंद करा म्हणालं की तिथनं उठून या.

खरेदी करताना काय बघायचं. ब्रँडचं नाव टाकत नाहीये कारण मी दोन वापरले आणि बघायच्या गोष्टी दोन्हीकडं त्याच. एक म्हणजे "हळद" आणि "कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि त्याची भावंडं) ९५ टक्के" यात फरक आहे, कितीतरी बाटल्यांवर समोर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहितात आणि मागं बघितलं तर त्यातली बरीचशी नुसती हळद पावडर. दुसरं पिपरीन, म्हणजे काळ्या मिरीचा अर्क. त्यानं कर्क्युमिन रक्तात कितीतरी पट जास्त जातं म्हणून जाहिरात करतात, आणि ते जातंही, बंगळुरूला १९९८ मध्ये तपासलेलं आहे, वीस पट वगैरे. पण आपल्याला काम करून घ्यायचंय आतड्याच्या अस्तरावर, रक्तात सगळं ढकलून काय करायचं, असं आमचे डॉक्टर म्हणाले, आणि पिपरीननं बाकीच्या औषधांचं प्रमाणही वरखाली होऊ शकतं, मला ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी गोळी) पण चालू आहे, म्हणून मी बिनपिपरीनवालीच घेते. तिसरं लिव्हर. इटलीत आणि अमेरिकेत हळदीच्या सप्लिमेंटनं लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्यात, फार नाहीत पण आहेत, म्हणून सुरू करायच्या आधी आणि दीड महिन्यानं रक्त तपासून घ्या. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी बंद. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

सेकंड ब्रँडच्या बाटलीवर क्यूआर कोड होता, स्कॅन केला की त्या बॅचचा शिसं वगैरेचा रिपोर्ट उघडतो, ते मला फार आवडलं. दोन्हींवर कोपऱ्यात बारीक अक्षरात "औषध म्हणून वापरण्यासाठी नाही" असं इंग्रजीत छापलंय. सप्लिमेंटला ते छापावंच लागतं. तेवढी एक ओळ जाहिरातीतही मोठ्यानं वाचली तर किती जणींची फसवणूक वाचेल.

बाकीचं थोडक्यात. इसबगोल मी आजार शांत असताना घेते, स्पेनमध्ये १९९९ ला १०५ पेशंटवर वर्षभर बघितलं होतं, मेसालामाइनच्या आसपास टिकलं. स्वस्त आहे, भरपूर पाणी मात्र प्यायचं. किराईताच्या अर्काचाही कोलायटिसवर चांगला अभ्यास आहे पण त्या मापाचा अर्क मला इथं कुठं मिळाला नाही. सालईच्या डिंकाच्या, म्हणजे शल्लकीच्या गोळ्या क्रोन्सवाल्या (तोही आतड्याला सूज येण्याचाच आजार) मावसभावानं वर्षभर खाल्ल्या, त्याला फरक नाही, आणि जर्मनीतल्या अभ्यासातही क्रोन्स शांत ठेवायला त्याचा उपयोग दिसला नव्हता. कुड्याचं मूळ सहाणेवर उगाळून ताकातून आजी द्यायची ते साध्या जुलाबाला, त्याच्या भरवशावर कोलायटिस ठेवू नका.

किंमत. ६० कॅप्सूलची बाटली मला ७४० ला पडते, चार रोज म्हणजे पंधरा दिवस, महिन्याला दोन बाटल्या. मेसालामाइनचा खर्च वेगळा. परवडणारं नाहीये सगळ्यांना, आणि हात आखडता असेल तर आधी मेसालामाइनच घ्या, हे नाही. पाचपैकी साडेतीन देईन, दीड कापला तो लेबलवरच्या "रोज एक" साठी. दिवाळीनंतर माझी कोलोनोस्कोपी आहे, आतलं अस्तर कसं दिसतंय ते बघून इथंच खाली लिहीन.