कॉलेज टीमच्या सरावासाठी रबरी मोल्डेड फुटबॉल : खानदेशच्या मैदानावर कितपत टिकतो?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बॉल घेताना आधी मैदान बघावं, मग बॉलवरची चित्रं. पावसाळ्यात काळी माती बुटांना थरावर थर चिकटते आणि पाऊस सरला की तीच टणक होऊन तडकते. मुरूम टाकलेल्या मैदानावर बॉल पॉलिश पेपरवर घासल्यासारखा झिजतो. कडेला बाभूळ आणि सराटे आहेतच. हिरवळीसाठी बनवलेला शिलाईचा महाग बॉल इथे रोज काढणं म्हणजे पैसे अक्षरशः मातीत घालणं. सरावाला ५ नंबरचा रबरी मोल्डेड बॉलच घ्यावा. मॅचसाठी मात्र तो नको.

या बॉलला शिवण नसते. ब्लॅडरवर (आत हवा भरायची रबरी पिशवी) नायलॉनचा दोरा गुंडाळून, वर रबराचे तुकडे चिकटवून तो साच्यात दाबलेला असतो. त्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि चिखल नळाखाली धुऊन निघतो. शिलाईच्या बॉलमध्ये हेच पाणी टाक्यांतून आत जातं, वजन वाढतं, आणि शिवणीत अडकलेली माती दोरा कापत राहते.

तोटेही तितकेच खरे. टणक जमिनीवर रबरी बॉल जास्त उसळतो. मैदानाच्या मधोमध क्रिकेटची रोलर फिरवलेली पट्टी असेल (बहुतेक ठिकाणी असतेच) तर तिथे तो छातीवर येतो आणि चार पावलं पुढे नुसता घरंगळतो. हेडिंगला कपाळ झणझणतं. वरचा खडबडीतपणा गेला की गोलकीपरच्या हातातून निसटतो. आतला दोरा तुटला तर एका बाजूला फुगा येतो. असा बॉल सरळ बाद करावा, हवा कमी करून भागत नाही. सराट्याचा काटा आत गेला तरी तेच. शिलाईचा बॉल उसवून ब्लॅडर बदलता येतं, मोल्डेडमध्ये ती सोय नाही.

बॉल खराब होतो तो मात्र बहुतेक वेळा हवेमुळे. नियमात हवेचा दाब (दर चौरस इंचाला) ८.५ ते १५.६ पौंड चालतो, म्हणून सायकलच्या पंपाने दगड होईपर्यंत भरायची सवय लागते. आपल्या मैदानावर रबरी बॉलला ९ पौंड पुरे. सकाळी गारठ्यात २० अंशाला ११ पौंड भरलेला बॉल दुपारी उन्हात तापून ४५ अंशांवर गेला की सव्वातेरा पौंडांच्या आसपास जातो. ताण दोऱ्यावर येतो. उन्हात ठेवलेली बॉलची जाळी सावलीत हलवली तरी बरंच वाचतं. सुई कोरडी खुपसू नये, व्हॉल्व्ह फाटतो. ग्लिसरीनचा एक थेंब लावावा. मशीनचं तेल नको, त्याने ब्यूटाइल रबर फुगतं. हवा बसत असेल तर बॉल बादलीत बुडवून बघा. बुडबुडे व्हॉल्व्हपाशी असतील तर ग्लिसरीन घालून एक रात्र ठेवल्यावर कधी कधी भागतं, तुकड्यातून येत असतील तर बॉल गेला.

घेताना दुकानातच हवा भरून काट्यावर ठेवावा. वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि घेर ६८ ते ७० सेंटिमीटर हवा. मग गुळगुळीत फरशीवर हळू सोडावा. डुगडुगत वळला तर तो गोल नाही, दुसरा मागा.

१८ जणांच्या टीमला रबरी सहा आणि शिलाईचा एक, असा हिशेब ठेवावा. आंतरमहाविद्यालयीन सामने बहुतेकदा बाद पद्धतीचे असतात, एक मॅच हरली की हंगाम संपला. म्हणून मॅचच्या आधीचे आठ-दहा दिवस पासिंग आणि फ्री किक शिलाईच्या बॉलवरच करावी. रबरी बॉलवर मुरलेला पाय शिलाईच्या बॉललाही त्याच जोराने मारतो आणि सुरुवातीचे पास आखूड पडतात. सुया चार-पाच जास्त घ्या, त्याच आधी मोडतात.