बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा आयटीआय: पहिल्या वर्षात पोराच्या हाताला काय लागतं

एसएसएलसीचा (दहावीचा) निकाल लागला की या भागात घरोघरी पीयूसी (अकरावी-बारावी), डिप्लोमा की आयटीआय हा खल सुरू होतो. आयटीआय ठरलाच तर शेजारच्या पोरानं कुठला ट्रेड (फिटर, वेल्डर असा कामाचा कोर्स) घेतला ते बघून फॉर्म भरला जातो. हा आढावा आयटीआयच्या पहिल्या वर्षाचा आहे. मत आधीच सांगतो: चकाचक लॅब बघून संस्था ठरवू नका, वर्कशॉपमागचा भंगाराचा ढीग बघून ठरवा. तिथं चुकलेले जॉब (सरावाला घडवलेले नग), हॅक्सॉची (धातू कापायच्या करवतीची) तुटलेली ब्लेडं आणि वेल्डिंग रॉडची थोटकं पडलेली असली तर मुलांच्या हातात माल जातोय. ढीगच नसेल तर जॉब फक्त जर्नलमध्ये होतात.

2022 पासून वर्षाचे तास 1600 वरून 1200 झाले. त्यातले 840 प्रॅक्टिकलचे, 240 थिअरीचे आणि 120 एम्प्लॉयॅबिलिटी स्किल्सचे (नोकरीसाठी लागणाऱ्या इतर कौशल्यांचे). कागदावर हे प्रमाण उत्तम आहे. पण 20 जणांच्या तुकडीला चालू लेथ (माल फिरवत कापायचं मशीन) पाचच असले तर एका मशीनवर चौघं येतात, आणि 840 चे 210 होतात. म्हणून ‘लेथ किती आहेत’ असं विचारू नका, ‘आज किती चालू आहेत’ असं विचारा.

फिटर हा आमच्या मते अजूनही सगळ्यांत पक्का ट्रेड. दोन वर्षांचा. सुरुवातीचे दिवस कानस आणि हॅक्सॉ यांतच जातात, आणि निम्मी पोरं इथंच कंटाळतात. पण मोजमापाचा हात बसतो तो इथंच. सुरुवातीला ±0.5 मि.मी. चालतं, पुढं सरकत्या फिटिंगच्या जॉबला ±0.04 मि.मी. लागतं. मधला प्रवास फक्त हाताचा आहे. नवख्याचा जॉब मधे फुगीर येतो, कारण कानस पुढं जाताना हात झुल्यासारखा वरखाली होतो. वाइसचा (माल पकडायच्या शिकंज्याचा) जबडा कोपराच्या उंचीला हवा. बुटक्या पोराला पायाखाली फळी दिलेली नसेल तर वर्षभर तोच दोष राहतो, आणि सर मात्र ‘लक्ष दे’ एवढंच म्हणत राहतात. कानशीच्या दातांत चुरा अडकला की जॉबवर खोल ओरखडे उठतात. त्यावर उपाय म्हणजे आधी खडू घासणं आणि मधून मधून तारेच्या ब्रशनं दात साफ करणं. हॅक्सॉचं ब्लेड लावताना दात पुढच्या दिशेला हवेत, आणि कापताना निदान तीन दात तरी मालावर टेकलेले हवेत. पातळ पत्र्याला जाड दातांचं ब्लेड लावलं की ते तुटणारच. टॅपिंगला, म्हणजे भोकात आटे पाडायला, M10 (10 मि.मी.च्या बोल्टच्या आट्यां) साठी 8.5, M8 साठी 6.8 आणि M6 साठी 5 मि.मी.चं भोक, हे आकडे पाठच हवेत. भोक लहान पडलं की टॅप आत मोडतो, आणि मोडका टॅप काढण्यात अख्खी दुपार जाते.

या ट्रेडला गिऱ्हाईक घराजवळच आहे. बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांतल्या फाउंड्र्या आणि मशिनशॉप तर आहेतच, पण जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांनाही फिटर लागतो. गळीत संपलं की मिल, पंप, कन्व्हेयर सगळं खोलून दुरुस्त करायचं असतं आणि तिथं रोबोट उपयोगी पडत नाही.

टर्नरला, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याला, हिशेब हवा. हायस्पीड टूलनं माइल्ड स्टीलला 30 मीटर प्रतिमिनिट वेग धरला तर 25 मि.मी. व्यासाला साधारण 380 आरपीएम येतात. हे ज्याला काढता येत नाही तो शेजारच्या मशीनचा गिअर बघून आपला लावतो, आणि टूलचं टोक जाळतो. फेसिंग करताना (मालाचं तोंड सपाट करताना) मधे बारीक टोक उरत असेल तर टूल सेंटरच्या उंचीवर नाही. चकची (माल पकडणाऱ्या फिरत्या जबड्याची) चावी चकमध्येच ठेवून मशीन चालू करणं ही सगळ्यांत धोकादायक चूक. काम झाल्यावर चावी ठेवायची जागा ठरलेली आहे का, हे वर्कशॉपमध्ये शिरल्या शिरल्या दिसतं.

सीएनसीबद्दल (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनबद्दल) आमची तक्रार जरा मोठी आहे. शिकवतात प्रोग्राम लिहायला: G00, G01, M03 अशा आज्ञा. उद्यमबागेतल्या शॉपमध्ये नव्या ऑपरेटरला पहिले सहा महिने प्रोग्राम लिहायला कोण देतो? त्याला इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापायचं टोक) बदलायचा असतो आणि ऑफसेट (मापातली दुरुस्ती) द्यायचा असतो. व्यास 25.00 हवा आणि 25.03 आला, तर वेअर ऑफसेटमध्ये (टूल झिजल्याच्या दुरुस्तीत) X ला उणे 0.03 द्यायचं. चिन्ह चुकलं की पुढचा नग 25.06. लेथवर X व्यासात मोजतात हेही सिम्युलेटरवर बसलेल्या पोराला ठाऊक नसतं. दुसरी जुनी खोड दशांश चिन्हाची: फानुक कंपनीच्या कंट्रोलरच्या नेहमीच्या सेटिंगला टिंबाशिवाय X10 लिहिलं तर ते 10 मि.मी. न धरता 0.010 धरलं जातं. CNMG 120408 या इन्सर्टमधला शेवटचा 08 म्हणजे टोकाची त्रिज्या 0.8 मि.मी., एवढं जरी सांगता आलं तरी इंटरव्ह्यू घेणारा मान वर करून बघतो.

वेल्डर एक वर्षाचा, आणि लवकर कमाईला लावणारा. ऊस ट्रॉली, शेड, गेट यांची कामं गावातच मिळतात. पण हा ट्रेड पूर्ण मालावर चालतो. रोज किती रॉड मिळतात ते थेट विचारा. दिवसाला दहाच्या आत असतील तर हात बसत नाही. 3.15 मि.मी.च्या 6013 जातीच्या रॉडला साधारण 100 ते 130 अँपिअर लागतात. करंट जास्त झाला की कडेला खाच पडते, कमी झाला की मणी (वेल्डची धातूची रेघ) नुसता वर बसतो आणि मुळाशी धातू वितळत नाही. आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या व्यासाएवढीच ठेवायची. पावसाळ्यात खानापूरकडची हवा बघता रॉडचं पाकीट उघडं राहिलं की ओल धरते आणि जोडात छिद्रं येतात. संस्थेत रॉड सुकवायची भट्टी असली आणि ती खरंच वापरात असली तर ती जागा चांगली समजा.

इलेक्ट्रिशियनला गर्दी सर्वांत जास्त, शिकवणं मात्र बरेच ठिकाणी लाकडी फळीवरच्या जिन्याच्या वायरिंगपाशी अडकतं. बोअरच्या मोटारीचा स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी करंटच्या स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) उघडून दोष शोधायला लावतात का, ते बघा. मोटारीच्या तीन गुंडाळ्यांच्या टोकांची डेल्टामध्ये U1-W2, V1-U2, W1-V2 अशी जोडणी. U2 आणि V2 सारख्या दोन तारांची अदलाबदल झाली की स्टारवर मोटर निमूट फिरते आणि डेल्टावर जाताच प्रचंड करंट ओढते. गावाकडं एक फेज गेल्यावर प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) काढून मोटर चालवणारे कमी नाहीत, आणि जळालेली मोटर मग याच पोरांकडं येते.

टाटा टेक्नॉलॉजीजच्या भागीदारीत कर्नाटकातले 150 सरकारी आयटीआय नव्यानं सजले. तिथं रोबोटिक्स, प्रगत सीएनसी, इलेक्ट्रिक वाहनं असे कोर्स आले. यंत्रं खरोखर चांगली आहेत. पण कानस न धरलेल्या पोराला रोबोटिक्सचा एक वर्षाचा कोर्स दिला तर बटणं दाबण्यापलीकडं फारसं जात नाही. फिटर किंवा टर्नर करून मग तिकडं गेलेला खरा फायद्यात राहतो.

भाषेची धास्ती मराठी शाळेतल्या मुलांना असते. थिअरी कन्नड-इंग्रजीत चालते, वर्कशॉपमध्ये मात्र सगळ्यांचीच खिचडी भाषा. चेन्नईच्या निमी या आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची ट्रेडची पुस्तकं मराठीतही आहेत, आणि डिसेंबर 2024 पासून तिनं नऊ भाषांत यूट्यूब चॅनल काढले, त्यांत मराठीही आहे. कन्नड मात्र बोलण्यापुरतं शिकून घ्याच. सुपरवायझर बहुधा तेच बोलतो. सर्टिफिकेट देशभर चालतं, त्यामुळं निपाणीच्या पोराला कोल्हापूरकडच्या कागल किंवा शिरोलीच्या कारखान्यांचा रस्ताही मोकळा आहे.

पहिल्या वर्षी मायक्रोमीटर विकत घेऊ नका. सेफ्टी बूट, स्वतःचा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), 150 मि.मी.ची स्टीलची पट्टी आणि 0.02 मि.मी. लीस्ट काउंटचा (एवढं बारीक माप दाखवणारा) साधा व्हर्निअर पुरे. आणि प्रवेश घेतानाच विचारा, 150 तासांचं ऑन-द-जॉब ट्रेनिंग कुठल्या कारखान्यात होतं? नाव सांगता आलं तर तिथं जाऊन आधीच्या बॅचची पोरं कुठल्या मशीनवर उभी होती ते विचारून या. ‘तुमचं तुम्ही बघा’ असं उत्तर आलं तर कारखाना आतापासूनच शोधायला लागा. सत्र संपताना सगळ्याच संस्थांची पोरं एकदम बाहेर पडतात आणि उद्यमबागेतली गेटं बंद व्हायला लागतात.