कोल्हापुरात राहून संगीतात एम.ए.: करावं का, कोणी करावं

राजारामपुरीत मी गाण्याचे वर्ग घेते आणि एका शाळेत संगीत शिकवते. गाण्यातली विशारद ही परीक्षा होऊन बरीच वर्षं गेल्यावर, घर आणि वर्ग सांभाळून मी संगीतात एम.ए. केलं. आता मे-जून आला की मोठ्या विद्यार्थिनी आणि त्यांचे पालक विचारायला येतात, "ताई, हिनं एम.ए. करावं का? पुढं उपयोग काय?" प्रत्येकीला दारात उभ्या उभ्या सांगून भागत नाही, म्हणून एकदाच नीट लिहिते आहे. विद्यापीठाचं नाव देत नाही. मला जे भावलं आणि जे खटकलं ते चार सत्रांच्या, क्रेडिटच्या या सगळ्याच अभ्यासक्रमांना कमी-जास्त लागू पडतं.

मत आधीच सांगून टाकते. गुरूकडे शिकणं चालू असेल, गळा थोडाफार तयार असेल, तर जरूर करा. गाण्याची सुरुवातच तिथं करायची असेल तर करू नका. दोन वर्षांत गळा तयार होत नाही आणि विद्यापीठाकडून ती अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. तिथं मिळतं ते वेगळं आहे, आणि माझ्या लेखी फार मोलाचं आहे.

विशारदपर्यंत आपण शास्त्र पाठ करतो. १० थाट (रागांची मूळ स्वरसप्तकं), २२ श्रुती (सप्तकातल्या स्वरांच्या बारीक पायऱ्या), वादी-संवादी (रागातले दोन मुख्य स्वर), गायनसमय. परीक्षेत लिहितो, मार्क पडतात. २२ च श्रुती का, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. एम.ए.च्या पहिल्याच सत्रात आमचे सर एका फळीवर एकच तार ताणून घेऊन आले. खाली मोजपट्टी चिकटवलेली, तारेची लांबी ३६ इंच. 'संगीत पारिजात' या ग्रंथात अहोबलानं तारेचे भाग पाडून स्वरांच्या जागा सांगितल्या आहेत. त्यानं इंच दिलेले नाहीत, ३६ ही हिशेबाची सोय. सरांनी तार बरोबर मध्ये, १८ वर दाबली. तार सप्तकातला सा. मग ३६ आणि १८ च्या मध्यावर, २७ वर दाबली. मध्यम. तारेचे तीन भाग करून दोन भाग वाजते ठेवले, म्हणजे २४ इंच. पंचम. इथवर सगळ्यांच्या माना डोलत होत्या. मग सा आणि पंचम यांच्या मध्यावर, ३० वर बोट ठेवून त्यांनी तार छेडली आणि म्हणाले, "हा अहोबलाचा शुद्ध गंधार. म्हणा बघू."

आम्ही म्हटला, तो कोमल गंधार होता, म्हणजे आजच्या शुद्ध गंधाराहून उतरलेला.

वर्गात कुजबुज सुरू झाली. सरांनी फळ्यावर आकडे मांडले: ४-३-२-४-४-३-२. सा च्या चार श्रुती, रे च्या तीन, ग च्या दोन, असं करत बेरीज २२. जुने ग्रंथकार स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर ठेवत. तसा ठेवला की स्वरांमधली अंतरं काफी थाटाची (ग आणि नि कोमल) येतात. पंडित भातखंड्यांनी तोच स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवला, आणि त्याच आकड्यांतून बिलावल थाट (सगळे स्वर शुद्ध) आला. मी घरी येऊन वहीवर पुन्हा मांडून पाहिलं. बरोबर येत होतं. इतकी वर्षं 'शुद्ध सप्तक म्हणजे बिलावल' असं मुलांना सांगत आले होते. आता मोठ्या मुलींच्या वर्गात मी ती तार स्वतः ताणून दाखवते. फळी, दोन खुंट्या आणि मोजपट्टी एवढ्यात काम होतं. प्रत्येक संगीत शिक्षिकेनं हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

ग्रंथांच्या तासाला आणखी एक गोष्ट मिळाली, तिचा अभिमान वाटतो. शार्ङ्गदेवाचा 'संगीत रत्नाकर', ज्याच्याशिवाय या विषयाचं पान हलत नाही, तो १३ व्या शतकात देवगिरीला, यादवांच्या दरबारात लिहिला गेला. म्हणजे आपल्याच मातीत. हे आपल्या मुलांना शाळेत कळायला हवं.

आता कोल्हापूरबद्दल. हा विषय शिकायला याहून चांगलं गाव क्वचित असेल. घराण्यांच्या पेपरमध्ये जे येतं त्यातलं निम्मं आपल्या पायाखाली आहे. उस्ताद अल्लादिया खाँ इथं राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते. महाराज १९२२ मध्ये गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये तिथंच वारले. त्यांचं घराणं मूळचं धृपदियांचं. तरुणपणी गाऊन गाऊन आवाज बसला आणि त्या बसलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी उभी केली, असं जाणकार सांगतात. जयपूर-अत्रौलीचा तो खुला आकार, लयीला चिकटून चालणारी, आवर्तनातून उलगडत जाणारी बढत (रागाचा विस्तार), अनवट (क्वचित गायले जाणारे) आणि जोड (दोन राग मिसळलेले) राग, हे सगळं त्यातून आलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात राहिले. कोल्हापुरातच जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकल्या. १९३७ मध्ये भूर्जींचे भाऊ मंजी खाँ गेल्यावर मल्लिकार्जुन मन्सूर यांनीही पुढची तालीम भूर्जी खाँकडेच घेतली.

जिल्ह्यात फिरा. इचलकरंजीचं नाव ज्यांच्या आडनावाला कायमचं लागलं ते बाळकृष्णबुवा, ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड हे विष्णु दिगंबर पलुस्करांचं जन्मगाव. ते मिरजेला बुवांकडे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं वर्गात, वेळापत्रकानं, परीक्षा घेऊन शिकवायचं ही वाट ज्यांनी रुळवली, त्यांतला एक मोठा माणूस आपल्या जिल्ह्यातला. एम.ए.च्या वर्गात बसताना हे आठवलं की बरं वाटतं. देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मैफली ऐका, खासबागेच्या कडेनं केशवराव भोसले नाट्यगृहावरून जा. ऑगस्ट २०२४ च्या आगीनंतर तिथं थांबलं की अजून पोटात कालवतं. अभ्यास करणाऱ्यानं एक वही घेऊन या जागा पालथ्या घालाव्यात.

आता प्रात्यक्षिक. इथं माझी तक्रार आहे. सत्र म्हणायला सहा महिन्यांचं. सुट्ट्या, सबमिशन, इंटर्नल, परीक्षा वजा केल्यावर शिकायला हातात जे आठवडे उरतात त्यात आठ-दहा राग बसवायचे. बंदिश तोंडपाठ होते, पण राग अंगात मुरत नाही. परीक्षेत विलंबित एकतालाची दोन-तीन आवर्तनं झाली की समोरून सूचना येते, "आता तान घ्या." मारवा, श्री यांसारखे राग इतक्या घाईत गायचे नसतात. परीक्षकांनाही ते ठाऊक असतं, पण बाहेर अजून रांग बसलेली असते. तीन राग कमी करा आणि एक राग सवडीनं ऐका, असं अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे.

दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे ज्या उंचीवर सा धरून गातो तिची. बाहेरच्यांना ती लक्षातही येत नाही. मुली पेटीच्या काळी चारमध्ये गाणार, मुलगे काळी एकमध्ये. एकाच वर्गात, एकाच तानपुऱ्यावर शिकवायचं तर मुलींचा मध्यम तो मुलग्यांचा सा, अशी तडजोड होते. मुलींच्या तानपुऱ्यावर मुलग्यांना आपला सा मिळत नाही आणि मुलग्यांच्या तानपुऱ्यावर मुली खर्जात अडकतात. आमच्या मॅडमनी तासाचे सरळ दोन भाग केले. निम्मा वेळ मुली, निम्मा मुलगे, आणि गात नसलेल्यांनी ठेका धरून समोरच्याची बंदिश स्वरलिपीत लिहायची. वेळ निम्मा झाला हे खरं, पण माझा कान त्या लिहिण्यातून तयार झाला. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन एवढं जरूर विचारा: मुलामुलींचं प्रात्यक्षिक वेगळं होतं का? तानपुरे किती आहेत आणि लागलेले असतात का?

आणि घरचा गुरू? माझ्या बाईंनी परवानगी देताना एक अट घातली. पहिलं वर्षभर तिथली बंदिश त्यांच्या तालमीत आणायची नाही. मला ती तेव्हा कडक वाटली, पण तिचा फायदा झाला. यमनमध्ये तिथं एक चलन, इथं दुसरं, यात गळा गोंधळला नाही. शास्त्राला मात्र त्यांचा कधीच अडसर नव्हता. अहोबलाच्या तारेची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी आपला जुना तानपुरा आडवा ठेवला आणि माझ्याकडून मोजून घेतला. मग बराच वेळ स्वतः तार दाबून ऐकत बसल्या.

सगळ्यात जास्त शिकवलं ते शोधप्रकल्पानं. मी विषय घेतला करवीर तालुक्यातल्या बायकांच्या भजनी मंडळांतल्या चाली. मोबाईलवर ध्वनिमुद्रण, घरी येऊन स्वरलिपी. पहिला मसुदा मी अगदी नीटनेटका केला होता. एका अभंगाची चाल भूपाची वाटत होती, मध्येच कुठंतरी शुद्ध निषादाला पुसटसा स्पर्श व्हायचा, तो मी लिहिला नव्हता. मार्गदर्शक मॅडमनी ध्वनिमुद्रण लावलं, कागद पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "तो निषाद त्या बाई दर वेळी घेतायत. दर वेळी येतो तो स्वर चालीचाच असतो. जसं ऐकू येतं तसं लिहायचं." मी परत गावी गेले आणि त्या मावशींना विचारलं, इथं तुम्ही वर जाऊन येता ते कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "आमाला रागबिग काय कळत न्हाई बाई. सासूबाई अशाच म्हनायच्या, म्हणून आमी बी म्हंतो." आणि मग माझ्यासाठी पुन्हा म्हणून दाखवला, सावकाश, त्या जागेवर मुद्दाम थांबून. निषाद अगदी सुरेल होता. त्या प्रकल्पानंतर मी भजन वेगळ्या कानानं ऐकते. नव्या शैक्षणिक धोरणात संशोधन पद्धती आणि प्रकल्पाला आणखी वजन आलंय, हे मला बरं वाटतं. फक्त इंटरनेटवरून उतरवून पानं भरू नका. आपल्याकडे ऐकण्यासारखी माणसं अजून आहेत.

नोकरीचं थोडक्यात. सहायक प्राध्यापक व्हायचं तर नुसतं एम.ए. पुरत नाही, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा व्हावी लागते आणि त्यासाठी एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के, राखीव गटात ५० टक्के लागतात. नेटला दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण. त्यातला पहिला पेपर अध्यापन, संशोधन, आकलन अशा सामान्य विषयांचा असतो, तेव्हा गाणाऱ्यांनी त्याची तयारी वेगळी करावी. जागा फार निघत नाहीत, हे पालकांनी धरूनच चालावं. शाळा, खासगी वर्ग, साथसंगत, निवेदन, ध्वनिमुद्रणाचं काम, यांवर माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांचं चाललंय. पदवीमुळं शाळेत माझ्या शब्दाला वजन आलं, हेही खरं.

वाद्याचा विषय निघतोच. मोबाईलवरच्या तानपुऱ्यानं दोन वर्षं काढता येतात, पण जमत असेल तर मिरजेला जाऊन खरा तानपुरा घ्या. तासाभराचा रस्ता आहे. सितारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले दिसतील. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घेताना जवारी (तारेची गुंजणारी आस) आपल्या पट्टीला लावून घ्या, तिथंच बसून सूत सरकवून बघा, जोडाच्या तारा एकजीव होतात का ऐका, आणि घाई करू नका. कारागीर शांतपणे करून देतात.

प्रवेशाच्या चाचणीला आम्हाला एक राग सविस्तर गायला सांगितला, मग तोंडी प्रश्न विचारले आणि तालाची दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट लय) हातावर करायला लावली. मोठमोठ्या रागांची यादी घेऊन जाऊ नका. यमन, भूप, बागेश्री यांतला एक पक्का तयार ठेवा, झपताल आणि रूपकची दुगुन हातावर बसवा. कागदपत्रांत विशारदचं प्रमाणपत्र असेल तर सोबत न्या. तबला साथीला कोण असेल, हे आदल्या दिवशी विभागात विचारून ठेवा.